एमिलच्या नावाची सोडत

फलकावर: शुक्रवारी तळलेली मासळी. एमिलला न्याय मिळालाच पाहिजे. पार्सलची सोय आहे.

गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाच्या, म्हणजे बंबवाल्यांच्या, हॉलबाहेर अक्षरं अडकवायचा फलक आहे. त्यावर ही तीन वाक्यं एकाखाली एक लागली आणि कोल्बर्ट्स फेरी गावातल्या एकाही माणसाला त्यात काही वावगं दिसलं नाही. बर्निस यानोचकोला दिसलं. पण हॉलचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या या बाईला जन्मापासून सगळ्यातच वावगं दिसत आलं होतं, त्यामुळे गाव तिकडे लक्ष देत नसे. हाताला चव आहे, तोंड वाईट आहे, एवढीच तिची गावातली ख्याती.

एमिल तिचा थोरला भाऊ. नदीकाठी गळाला लावायचे किडे आणि जिवंत चिमुकले मासे विकायचं दुकान होतं त्याचं. एप्रिलमध्ये ट्राउट माशांचा हंगाम उघडतो त्या शनिवारी अख्खं गाव उजाडायच्या आत त्याच्या दारात रांग लावतं. यंदा रांग लागायच्या थोडं आधी कॉर्बिन शँक नावाचा पंधरा वर्षांचा पोरगा सावत्र बापाची रायफल घेऊन आत शिरला. त्याला गल्ला हवा होता. एमिल म्हणाला असावा, "कॉर्बिन, घरी जा." म्हणाला असावा, कारण पोरगा ओळखीचा होता आणि एमिल सगळ्यांनाच घरी जा म्हणायचा. पोराने गोळी झाडली. एमिल पडला. मग पोराने दुसरी झाडली.

पोलिसांना तो पुलावर बसलेला सापडला. रायफल मांडीवर, आणि एमिलच्याच काउंटरवरचं सुक्या मांसाचं पाकीट दातांनी फोडत होता.

पेनसिल्व्हेनियात खुनाचा आरोप लागला की पोरगा आपोआप मोठ्यांच्या कोर्टात जातो. मग त्याच्या वकिलाने अर्ज करायचा, हा लहान आहे, याला मुलांच्या कोर्टात पाठवा. तिथे गेला तर एकविसाव्या वर्षी सुटेल. इथेच राहिला तर त्याचं म्हातारपणसुद्धा सरकारी खर्चाने निघेल. ठरवणार न्यायाधीशबाई, आणि न्यायाधीशबाईंना नोव्हेंबरात मतदारांपुढे जायचं होतं: ठेवायच्या की घरी पाठवायच्या, हो की नाही. सुनावणी ऑगस्टात. अशा सुनावणीत मयताच्या माणसांनाही बोलू देतात. एमिलला माणूस एकच होतं, बर्निस.

तिने काय बोलायचं हे तिला सोडून सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

*

पहिल्या पंधरवड्यात तिच्या दारात इतकी भांडी आली की फ्रीजचं दार दोरीने बांधावं लागलं. रिकामं भांडं कोणी आणलं नाही, आणि नुसतं भरलेलं भांडंही कोणी आणलं नाही. प्रत्येक पदार्थाबरोबर एक वाक्य होतं.

कोबी-नूडल्सच्या हलुश्कीबरोबर: "त्याला भर चौकात टांगायला पाहिजे, बर्निस. मीठ जरा कमी पडलंय हं."

भरल्या कोबीबरोबर: "आमच्या वेळी असली पोरं नव्हती." हे म्हणणाऱ्या माणसाने त्याच्या वेळी सख्ख्या भावाचा कान दातांनी तोडला होता. भाऊ अजून टोपी घालून फिरतो.

चीज लावून भाजलेल्या बटाट्यांबरोबर: "देव त्याला क्षमा करो, पण बाहेर नको सोडू दे."

जेलीतल्या फळांबरोबर: "माझा नातूही पंधराचाच आहे. तो नाही कुणाला मारत!" या नातवाने गेल्या हॅलोविनला मक्याची एक कोठी पेटवून दिली होती. बंबवाल्यांनी ती विझवली, पोराला मागच्या सीटवर बसवून घरी सोडलं आणि पोरखेळ म्हणून हसले. पण हा नातू चर्चमध्ये घंटा वाजवतो, आणि कॉर्बिन शँक नदीपलीकडच्या पत्र्याच्या घरांतला. वय मोजायची या गावाची पट्टी अशी रबराची आहे.

बर्निसने जेली मांजरापुढे ठेवली. मांजराने हुंगली आणि ते निघून गेलं.

*

— नमस्कार, मी एका जनमत पाहणीसाठी बोलतेय. आपल्याकडे पाच मिनिटं आहेत का?

— आहेत. भाऊ मेल्यापासून पुष्कळ आहेत.

— अरेरे. ऐकून वाईट वाटलं. पहिला प्रश्न. "गंभीर हिंसक गुन्हा करणाऱ्या किशोरवयीन मुलांना मोठ्यांसारखीच शिक्षा व्हावी." आपण पूर्ण सहमत, थोड्याफार सहमत, थोड्याफार असहमत, की पूर्ण असहमत?

— कुठला मुलगा?

— असा कुठला नाही. सर्वसाधारणपणे.

— सर्वसाधारणपणे कोण कुणाला मारतं, बाळ? आमच्याकडे तरी नावागावानेच मारतात.

— मॅडम, मला चारांतलं एक उत्तर घ्यावं लागतं.

— त्याच्या हातात बंदूक आली कुठनं, असं विचारलंय का पुढे?

— नाही.

— किती गोळ्या झाडल्या?

— तसाही प्रश्न नाहीये.

— तू किती वर्षांची?

— एकोणीस. म्हणजे, आम्हाला सांगायची परवानगी नाही.

— आणि तुला स्वतःला काय वाटतं?

— तेही सांगायची परवानगी नाही.

— मग आपलं दोघींचं सारखंच आहे.

— मी "सांगता येत नाही" असं लिहू का?

— सांगता येतं गं. तुझ्या चार खणांत मावत नाही.

— मी "सांगता येत नाही" लिहिते. दुसरा प्रश्न. आपल्या भागातल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांबद्दल आपण पूर्ण समाधानी...

पुढच्या आठवड्यात टीव्हीवर आकडे आले. दहातल्या आठ जणांना मोठ्यांची शिक्षा हवी होती. एकाला नको होती. एकाला सांगता येत नव्हतं. ती बर्निस.

*

फलकावर: मोठा गुन्हा, मोठी शिक्षा. महिला मंडळाची सभा मंगळवारी. येताना केक आणा.

डिनो फर्लानी बंबवाल्यांचा अध्यक्ष. पोटापाण्यासाठी सेप्टिक टाक्या उपसतो, आणि गावात आपल्याशिवाय कोणी घाणीत हात घालत नाही असं त्याला मनापासून वाटतं. तो स्वयंपाकघरात आला तेव्हा बर्निस कांदा चिरत होती आणि तिची मैत्रीण ऱ्होडा बटाटे सोलत होती.

"बर्निस, बसतेस का जरा?"

"उभ्यानेच सांग. रडले तर कांद्यामुळे समज."

"एमिलसाठी काहीतरी मोठं करायचंय. हमरस्त्यावर जाहिरातीचा फलक लावू. 'मोठा गुन्हा, मोठी शिक्षा', आणि खाली एमिलचा फोटो. न्यायाधीशबाई कोर्टात त्याच रस्त्याने जातात. रोज."

"एमिलने फोटो कधी काढून घेतला? सगळ्या फोटोंत त्याच्या हातात मासा आहे."

"मासा कापून टाकता येतो. खर्चासाठी सप्टेंबरात सोडत ठेवतोय, नोव्हेंबरच्या मतदानाआधी."

"कसली?"

"कसली म्हणजे? बंदुकांची."

बर्निसने सुरी खाली ठेवली. ऱ्होडाने बटाटा जास्तच बारकाईने सोलायला घेतला.

"डिनो, तो पोरगा जी रायफल घेऊन आला, ती कुणाची?"

"सावत्र बापाची."

"त्याच्याकडे कुठनं आली?"

डिनोने छताकडे पाहिलं. छताने काही मदत केली नाही. "जिंकली होती त्याने."

"कुठे?"

"हे बघ, बर्निस..."

"कुठे जिंकली, डिनो?"

"इथेच. गेल्या ऑक्टोबरात. कागदपत्रं तपासून दिलीय, सगळं कायदेशीर होतं."

"बेकायदेशीर होतं असं मी कुठे म्हणतेय? त्या दिवशीचा रस्सासुद्धा कायदेशीर होता. मीच केला होता. मग या वेळी स्पॅगेटीचं जेवण ठेवा. रजया लावा सोडतीला."

"रजयांना कोण येतं? तू, ऱ्होडा आणि पाद्री. बंदुका लावल्या की चारी दिशांनी गाड्या येतात. आणि नाव एमिलचंच असणार." डिनोने हवेत हात फिरवला, जणू अक्षरं अडकवतोय. "'एमिल यानोचको स्मृती बंदूक सोडत.' ऐकताना कसं भारदस्त वाटतं."

"पहिलं बक्षीस काय?"

डिनोने कांद्याची एक साल उचलून कचऱ्यात टाकली.

"त्याच बनावटीची आहे ना?"

"त्या बनावटीला मागणी आहे," डिनो म्हणाला.

ऱ्होडाला शांतता सोसत नाही. "अगं पण बर्निस, बंदुकीने थोडंच मारलं एमिलला? पोराने मारलं."

"अगदी बरोबर. बंदूक निर्दोष. ती भरून पलंगाखाली सरकवणारा बाप निर्दोष. टाळकुट्यांसारखे नंबर ओरडून ती वाटणारे आपण तर धुतले तांदूळ. शोधून शोधून दोषी एकच सापडला, आणि त्याला अजून दाढी यायचीय."

"तू नक्की कुणाच्या बाजूची आहेस?" डिनोने विचारलं.

"एमिलच्या. तिथे मी एकटीच आहे. जागा पुष्कळ आहे, बस हवं तर."

डिनो बसला नाही. तिकिटं छापायला टाकली आहेत, एवढं सांगून गेला.

*

जुलैत दोन बाया येऊन गेल्या, एका सकाळी एक आणि दुसऱ्या सकाळी दुसरी.

पहिली सरकारी वकिलांच्या कचेरीतली मिस ऑर्ट. मयताच्या नातेवाइकांना आधार द्यायचं तिचं काम. आधार ती पाकिटात घालून घेऊन आली होती, टाइप केलेला. बर्निसने चष्मा लावून वाचायला सुरुवात केली.

"'मी एक उद्ध्वस्त स्त्री आहे.' हे कोण?"

"तुम्ही. म्हणजे हा नमुना आहे. तुम्ही आपल्या शब्दांत सांगायचं."

"'माझ्या लाडक्या पतीला या नराधमाने...' मिस ऑर्ट, तो माझा भाऊ होता."

"अगंबाई! ते बदलायचं राहिलं." मिस ऑर्टने पेन काढलं आणि पती खोडून भाऊ केलं. लाडका तसाच ठेवला. "शेवटचं वाक्य मात्र महत्त्वाचं आहे. 'याला मोठ्यांच्या कोर्टातच ठेवावं.' ते वगळू नका. न्यायाधीशबाईंना तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"त्यांना ऐकायचंय की त्यांना ऐकलेलं दाखवायचंय?"

मिस ऑर्टला प्रश्न आवडला नसावा. तिने कॉफी अर्धी ठेवली.

दुसरी पिट्सबर्गहून आली, एका संस्थेची. पंचविशीची असेल, आवाज दवाखान्यात बोलतात तसा हळू. तिच्याकडे मेंदूचं रंगीत चित्र होतं.

"माणसाच्या मेंदूचा हा पुढचा भाग बघा. पंचविशीपर्यंत तो पूर्ण पिकतच नाही. परिणामांचा विचार याच भागात होतो."

"माझे वडील ऐंशी वर्षांचे होऊन गेले. त्यांचा कुठला भाग पिकला होता ते दाखव."

मुलगी हसली नाही. तिला शिकवताना हसायचं कुठे ते राहिलं असावं. "तुम्ही सोडतीला विरोध केलात असं कळलं. आम्हाला वाटतं, तुम्ही क्षमेचं प्रतीक होऊ शकता."

"क्षमा कोणी केली?"

"नाही, पण..."

"बंदुकीला नाही म्हटलं म्हणजे पोराला पोटाशी धरलं असं होतं का? माझा भाऊ पडला होता. पडल्यावर त्याने दुसरी गोळी घातली. तुझ्या चित्रात ती कुठे आहे, बोट ठेव."

मुलीने खरोखर चित्राकडे पाहिलं. मग तिने ते हलक्या हाताने गुंडाळलं. दारातून जाताना ती वेगळ्याच, खऱ्या आवाजात म्हणाली, "मला नाही माहीत, मिस यानोचको."

पूर्ण उन्हाळ्यात बर्निसला ऐकू आलेलं हे पहिलं शहाणपणाचं वाक्य.

*

एमिलचं दुकान रिकामं करायला ती गेली तेव्हा भर दुपार होती. टाकीतले मासे केव्हाच मेले होते, ते तिने नदीत ओतले. किड्यांचे डबे दाराबाहेर उलटे केले, काही किडे अजून जिवंत होते, त्यांनी मातीत वाट काढली. आतली जमीन सफाई कंपनीच्या माणसांनी घासून काढली होती. काउंटरमागे लाकडी फळ्यांत दुसऱ्या गोळीचं भोक राहिलं होतं. त्यात तिचं बोट पेरापर्यंत जायचं.

पहिली गोळी तिला समजत होती. माफ नव्हती, समजत होती. पोरगा घाबरला, हात वाकडा झाला, असं आपण म्हणू शकतो. दुसरी समजत नव्हती. गावाला समजली होती: राक्षस आहे. पिट्सबर्गच्या संस्थेलाही समजली होती: मेंदू कच्चा आहे. दोघांचं उत्तर तयार होतं आणि दोघांनाही पोराची गरज नव्हती.

बर्निसला होती. ते उत्तर त्या एकाच डोक्यात होतं. तिने आयुष्यात कितीतरी पंधरा वर्षांच्या पोरांना "का केलंस?" विचारलं होतं, काचा फुटल्यावर, गाड्या ठोकल्यावर, आणि दर वेळी खांदे उडालेले पाहिले होते. ते खोटं बोलत नसत, त्यांना माहीतच नसे. कॉर्बिनलाही माहीत नसणार. ते कळायला त्याने मोठं व्हायला हवं होतं, आणि तो होईपर्यंत तिने जिवंत राहायला हवं होतं. तिला एकसष्ट पूर्ण होती आणि गुडघे सत्तरीचे होते.

भाऊ परत मिळणार नव्हता. हे एक उत्तर मिळण्यासारखं होतं. आणि त्याचा दरवाजा बंद करायला सगळं गाव शर्ट छापून तयार होतं.

*

फलकावर: आज एमिलसाठी कोर्टात. बस सकाळी सुटेल. डोनट मिळतील.

शर्टांवर एमिलचा चेहरा होता. मासा कापला होता, त्यामुळे तो कोपऱ्याबाहेरच्या कशाकडे तरी बघून खूश झाल्यासारखा दिसत होता. न्यायाधीशबाईंनी आत येताच फर्मावलं, कोर्टात असले शर्ट चालणार नाहीत. मग सगळे उठून स्वच्छतागृहात गेले आणि शर्ट उलटे घालून परत आले. एमिल डिनोच्या पोटाला चिकटून आतल्या बाजूला गेला.

कॉर्बिनच्या कैदेतल्या नारिंगी कपड्यांच्या बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या. त्याची आई पलीकडच्या बाकावर. तिच्या पुढचा आणि मागचा बाक रिकामा होता, जणू तिला काही संसर्गाचं झालंय. सावत्र बाप कामावर गेला होता.

बर्निसने टाइप केलेला कागद पर्समध्येच ठेवला.

"मी बर्निस यानोचको. एमिलची बहीण. हा पोरगा लहान आहे म्हणून याला सोडा, असं सांगायला मी आलेली नाही."

डिनोने मान डोलावली.

"याने माझा भाऊ मारला. एकदा मारून भागलं नाही म्हणून दोनदा मारला."

ऱ्होडाने रुमाल काढला.

"याला मोठा समजा, असं सांगायलाही आलेली नाही."

डिनोची मान अर्ध्यात थांबली. मिस ऑर्टने आपल्या हातातल्या प्रतीत ते वाक्य शोधलं.

"न्यायाधीशबाई, एप्रिलपासून मी मोठी माणसं बघतेय. मोठ्या माणसांनी ती रायफल सोडतीला लावली. मोठ्या माणसाने ती जिंकली आणि भरून पलंगाखाली ठेवली. आता तीच मोठी माणसं माझ्या भावाच्या नावाने आणखी वाटणार आहेत. या सगळ्या प्रकरणात एक मोठं माणूस पकडायचं ठरलं, आणि तुम्हाला सापडलं ते सगळ्यांत लहान."

"बर्निस, खाली बस!" मागून कोणीतरी म्हणालं. आवाज जेलीवाल्या बाईचा असावा. न्यायाधीशबाईंनी हातोडा आपटला.

"मला फक्त एक पाहिजे. दुसरी गोळी का झाडली, ते. आत्ता विचारलंत तर तो खांदे उडवेल."

कॉर्बिन टेबलाकडे बघत होता. त्याने बाह्या आणखी खाली ओढल्या.

"त्याला अशा जागी कोंडा, जिथे कोणीतरी त्याला रोज ते विचारेल. खुर्चीवर बसवून, डोळ्यांत बघून विचारेल. त्याला बरं वाटायला नको. चांगलं वाईट वाटू दे. मग मी जाईन आणि ऐकेन. मोठ्यांच्या तुरुंगात त्याला हे विचारायला कुणाला वेळ आहे? तिथे तो मोठा होणार नाही, नुसता म्हातारा होईल. संपलं माझं."

तिच्या रांगेतली माणसं सरकून बसली. ती जाड नसूनही तिला बरीच जागा मिळाली.

निकाल जेवणानंतर आला. न्यायाधीशबाईंनी बर्निसच्या शब्दांचा तीनदा आदराने उल्लेख केला. इतका आदर झाला तेव्हाच तिला काय ते कळलं. गुन्ह्याचं गांभीर्य, समाजाची सुरक्षितता, समाजाची भावना. समाज उलट्या शर्टात समोरच बसला होता. खटला मोठ्यांच्या कोर्टातच चालणार होता.

*

कोर्टाच्या मागच्या पायऱ्यांवर शर्ट पुन्हा सुलट झाले होते. बर्निस कठड्याशी उभी होती, बसमध्ये तिला कोणी बोलावलं नव्हतं. दोन शिपाई कॉर्बिनला घेऊन बाहेर आले तसा डिनोने टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी त्याला साथ दिली.

पोराने टाळ्या ऐकल्या. आधी त्याने मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी येतंय का. कोणी नव्हतं. मग शाळेत अख्खा वर्ग टाळ्या वाजवू लागला की पोरं हसतात, तसं तो हसला. कशासाठी ते कळत नसताना, अर्धवट, खाली मान घालायच्या बेतात. फोटो त्याच वेळी निघाला.

मग त्याला शर्ट दिसले. तीस-चाळीस एमिल पोटांवर ताणून बसवलेले, सगळे त्याच एका कोपऱ्याकडे बघून खूश. हसू गेलं. फोटोवाल्याने तोवर कॅमेरा खाली घेतला होता. ते दुसरं तोंड एकट्या बर्निसने पाहिलं. त्यात उत्तर नव्हतं. प्रश्न तरी पोचला का, हेही तिला शपथेवर सांगता आलं नसतं. शिपायाने त्याचं डोकं दाबून गाडीत बसवलं.

टीव्हीवाल्यांनी फोटो टाकला. खाली लोकांनी लिहिलं:

हसतोय बघा.

पश्चात्ताप बघा किती झालाय!

डोळे बघा. आत कोणी नाही.

आणि आपली बर्निस त्याच्याशी गप्पा मारणार म्हणे. चहाला बोलाव गं!

माझा असता तर मीच संपवला असता. (हे कोठी पेटवणाऱ्या नातवाच्या बापाने लिहिलं.)

शुक्रवारी मासळी आहे का?

आहे. ऱ्होडा करतेय.

बर्निसला नाही का ठेवलं?

देव पावला, मीठ तरी बरोबर पडेल.

*

फलकावर: बंदूक सोडत रविवारी. पहिलं बक्षीस रायफल. सहकुटुंब या.

एमिलचं नाव काढलं होतं. तिकिटांवर छापून झालेलं होतं, त्यावर महिला मंडळाने एका संध्याकाळी बसून काळी पट्टी मारली, प्रत्येक तिकिटावर. तिने जे मागितलं ते अशा रीतीने तिला मिळालं. बंदुका होत्या तेवढ्याच राहिल्या.

डिनो किल्ली मागायला तिच्या दारात आला, आत आला नाही.

"मंडळाचा निर्णय आहे, बर्निस. माझा एकट्याचा नाही."

"तुझं एकट्याचं कधी काही असतं का, डिनो? ही घे. मोठ्या शेगडीचा डावा चुला लगेच पेटत नाही, ऱ्होडाला सांग. तोंड जवळ नेऊ नको म्हणावं."

"एमिलचा फलक मात्र लावतोय हं हमरस्त्यावर. तेवढं तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी नको. माझ्यासाठी फक्त त्याचा मासा परत द्या."

डिनोला वाटलं ही थट्टा करतेय. तो जरा हसून गेला.

खटला लांबला नाही. पोराच्या वकिलाने हिवाळ्यात गुन्हा कबूल करून टाकला, म्हणजे साक्षी नाहीत, प्रश्न नाहीत, कुणी कुणाला काही विचारायचं नाही. शिक्षा तेवढी ठरायची राहिली. न्यायाधीशबाई नोव्हेंबरात भरघोस मतांनी टिकल्या होत्या. मिस ऑर्टचा फोन आला. आवाजात आधार उरला नव्हता, काम होतं.

"शिक्षेच्या दिवशीही तुम्हाला बोलण्याचा हक्क आहे, मिस यानोचको. कळवणं माझं कर्तव्य आहे. अर्थात, तुम्हाला नको असेल तर..."

"येणार आहे. मला कागद पाठवू नकोस."

"तुम्ही काय मागणार, याची साधारण कल्पना दिलीत तर..."

"तुम्ही किती मागताय?"

"पस्तीस वर्षांनंतर सुटकेचा विचार. बचाव पक्ष वीस म्हणतोय."

बर्निसने मनातल्या मनात बेरीज केली. एक बेरीज अशक्य होती. दुसरी अवघड होती, पण तिच्या एका मावशीने तेवढं जगून दाखवलं होतं.

"मग मी वीस मागणार."

"त्याच्यासाठी?" मिस ऑर्टचा आवाज चढला. "तुमच्या भावाच्या खुन्यासाठी? तो फोटो पाहिल्यावरही?"

"त्याच्यासाठी कशाला मागू? त्याच्याकडे वर्षं पुष्कळ आहेत. माझ्यासाठी मागतेय, तो सुटेल तेव्हा विचारायला मी जिवंत हवी म्हणून. ब्याऐंशीपर्यंत जगायचं म्हणजे आतापासून लोणी सोडावं लागेल. आणि मी ते आजवर कुणासाठी सोडलेलं नाही."